धाकलीच्या लेकी

एकदा काय झालं, एका गावाचा ओढाच निघून गेला.

हसता काय? खरंच गेला. ओढ्यातले दगड जागच्या जागी, काठची झाडं जागच्या जागी आणि मधलं पाणी तेवढं गायब. दिगू, पांघरूण लाथाडू नकोस, नाहीतर मी इथंच गोष्ट थांबवीन. हां, असा नीट नीज.

तर गावाचं नाव जांभूळखोरी. डोंगराच्या पायथ्याशी होतं. ओढ्याला सगळे धाकली म्हणायचे. का, तर खाली लांबवर मोठी नदी होती, ती थोरली. मग ही धाकली. धाकली निघायची डोंगराच्या माथ्यावर, एका जुन्या जांभळीच्या मुळाशी. तिथून थोडी इकडं, थोडी तिकडं करत कड्यापाशी यायची आणि धाडकन उडी मारायची. खाली होता डोह. डोहात जरा दम खायची. मग उंबरांच्या राईतून वाकडीतिकडी होत, मुळांना गुदगुल्या करत गावात शिरायची. पाणवठ्यावर बायकांच्या गप्पा ऐकायची, म्हशींच्या पाठी धुवायची, भाताच्या खाचरांना पाणी द्यायची आणि पार खाली जाऊन थोरलीला मिळायची. उन्हाळ्यात घोट्याएवढी व्हायची, पण कधी आटली नाही. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंसुद्धा धाकलीचा तळ कोरडा पाहिला नव्हता.

आणि त्या वर्षी दिवाळीतच ती बारीक झाली. तुळशीच्या लग्नाला दगडांआड लपायला लागली. मार्गशीर्षात तर संपलीच की हो.

आता बघा गंमत. गंमत कसली, दुर्दैव. नेमकं त्याच मार्गशीर्षात गावात नवी सून आली. तिचं नाव हौसा. सदूची बायको. उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आली, दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन ओढ्यावर गेली, तर ओढा कोरडा ठणठणीत. झालं. लोकांना काय, खापर फोडायला एक डोकं मिळालं की बरं वाटतं. पाणवठ्यावर कुजबूज सुरू झाली. पांढऱ्या पायाची आहे हो. आली आणि ओढा घालवला.

ही कुजबूज हौसाच्या सासूच्या कानावर गेली. सासूचं नाव राहीबाई. तिचे पाय गेलेले होते बरं का. कमरेखाली जीव नाही. दिवसभर पडवीत घोंगडीवर बसून असायची. पण आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं गप्प बसावं. तिनं पडवीतूनच हाक घातली, "कोण म्हणतंय गं माझ्या सुनेला पांढऱ्या पायाची? समोर येऊन म्हणा! पाय गेलेत माझे, जीभ नाही गेली!"

त्यानंतर कुणाची टाप नव्हती हौसाला बोलायची. हौसानं तेव्हाच मनात ठरवलं, या बाईसाठी मी काय वाटेल ते करीन. आणि हौसा ठरवायची ना, ते ठरवायची. आपल्या नमूसारखी नाही, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

मग पौष गेला, माघ गेला. विहिरी तळाला गेल्या. गुरं हंबरायला लागली. मग गावानं पारावर बैठक घेतली आणि ठरवलं की होळी झाली की गाव सोडायचं. सगळं चंबूगबाळं गाड्यांत भरायचं आणि थोरलीच्या काठी जाऊन राहायचं. तसं ठरल्यावर प्रश्न आला राहीबाईचा. गाड्या थोडक्या, वाट उताराची, खड्ड्याखड्ड्यांची. गावचे कारभारी म्हणाले, "म्हातारी वाटेतच जायची. आणि तिला बसवली तर बियाण्याची पोती कुठं ठेवायची?"

सदू काय म्हणाला असेल? काही नाही म्हणाला! भला माणूस हो, पण होयबा. डोळे पुसत घरी आला. राहीबाई म्हणाली, "रडतोस काय? मला नाही यायचंच. उशाशी एक घागर ठेवा आणि खुशाल जा. मी हे घर सोडणार नाही." असं म्हणून तिनं पदर छातीशी घट्ट धरला.

एक घागर पाणी म्हातारीला किती पुरणार? तुम्हीच सांगा.  हौसानं लुगड्याचा ओचा खोचला, कमरेला भाकरी बांधली, पाण्याचा तांब्या घेतला आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला सोडून कुणी कुठं जाणार नाही. गाव राहील. ओढा गेलाय ना? मी जाते आणि त्याला घेऊन येते."

सदू म्हणाला, "अगं, ओढा म्हणजे काय चुकलेलं वासरू आहे?"

हौसा म्हणाली, "असेल. वासरू हुडकायला आपण जातोच ना?" आणि निघाली.

कशी निघाली? ओढ्याच्या पात्रातून, उलट्या दिशेनं, वर वर. पायाखाली तापलेले गोटे. काठची करवंदीची जाळी वाळलेली. कुठं मासोळीचा काटा पडलेला, कुठं शेवाळ सुकून पापडासारखं उललेलं. हौसा चालतेय, चालतेय.

मग आली उंबरांची राई. तिथं एका मुळाखालच्या बिळातून आवाज आला, "घोटभर देतेस का गं?" हौसानं वाकून बघितलं तर एक खेकडीण. पोटाखाली बारकी बारकी पिल्लं घेऊन बसलेली, अगदी मोहरीएवढी. तिची नांगी उचलत नव्हती. हौसाच्या तांब्यात अर्धंच पाणी उरलं होतं. तिला स्वतःला तहान लागली होती, खोटं कशाला सांगू? पण पिल्लं बघितल्यावर कुणाला राहवतंय! तिनं तांब्या बिळात रिकामा केला. खेकडीण म्हणाली, "तू धाकलीला शोधतेस ना? ती वर गेली. आपल्याच वाटेनं उलटी चढत गेली, दगड दगड उचलून बघत गेली. आणि रडत होती गं."

"का रडत होती?"

"ते मी कसं विचारू? मी बिळातली बाई."

मग हौसा पुढं निघाली. आता डोह आला. केवढा थोरला डोह, म्हैस बुडेल असा, आणि आता तळाला नुसत्या चिखलाच्या भेगा. मधोमध एक बगळा एका पायावर उभा.

बगळा म्हणाला, "बस इथं. पाणी येईल."

"तुम्ही कधीपासून उभे आहात?"

"बरेच दिवस."

"मासा मिळाला का एखादा?"

"अजून तरी नाही. पण धीर धरावा माणसानं."

"धरा तुम्ही. माझी सासू घरी बसलीय, मला धीर नाही," असं म्हणून हौसानं डोह ओलांडला. बगळ्यानं मान खांद्यात घातली आणि तसाच उभा राहिला. असतात काही जण असे. उभं राहण्यालाच काम समजतात.

मग आला कडा. बाई बाई, काय तो कडा! सरळ उभा, काळाकुट्ट, वर बघितलं की डोक्यावरचा पदर पडावा. हौसानं पहिला हात टाकला तोच कडा गुरगुरला, "ए बाई! माझ्यावरून आजवर पाणीच तेवढं उतरलंय. चढून कुणी गेलेलं नाही."

हौसा म्हणाली, "मग आज बघ." आणि लागली चढायला.

हाताला कपार मिळे ती धरायची, पायाला खाच मिळे तिथं पाय. गुडघे सोलवटले. हातातल्या हिरव्या चुड्यातल्या बांगड्या पिचल्या. नवी नवरी ती, मनात चर्र झालं तिच्या. एकदा पाय सुटला, तेव्हा वाळलेल्या वेलाला लोंबकळली आणि डोळे गच्च मिटून घेतले. खाली बघितलंच नाही. आत्याबाईंची घागर तेवढी डोळ्यांपुढं आणली आणि पुन्हा पाय रोवला. दुपार कलली तेव्हा ती माथ्यावर पोचली. पोचली आणि आडवीच झाली.

मग तिला हुंदके ऐकू आले.

जांभळीच्या मुळाशी एक बाई बसली होती. बारकीशी, हिरवं लुगडं, केस ओलेचिंब. पाठ फिरवून, डोंगराला बिलगून बसली होती. डोंगर म्हणजे तिची आई ना. रुसलं की माणूस कुठं जातं? माहेरी. तशी धाकली माहेरी येऊन बसली होती.

मागं न बघताच ती म्हणाली, "कोण आलंय? जांभूळखोरीची असशील तर आल्या पावली परत जा."

"जांभूळखोरीचीच आहे मी. आणि परत जाणार नाही."

"जाणार नाहीस? मग बस. मीही बसलेय."

हौसा खरंच बसली तिच्याशेजारी. जरा वेळानं म्हणाली, "धाकले, तू अशी का निघून आलीस गं? गाव तहानलंय. माझ्या सासूला मागं टाकून चाललंय सगळं गाव."

तेव्हा धाकली गर्रकन वळली. डोळे लाल झालेले. म्हणाली, "माझ्या लेकी कुठं आहेत?"

आता तुम्हाला त्या गावची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही. भादव्यात गौरी येतात की नाही? कुठं मुखवट्यांच्या असतात, कुठं तेरड्याच्या. जांभूळखोरीत खड्यांच्या गौरी. घरातली पोर नाहीतर सून ओढ्यावर जाणार. तोंडात पाणी धरणार, म्हणजे वाटेत बोलायचं नाही. पाण्यातून एक गुळगुळीत खडा उचलणार, ताम्हनात ठेवणार आणि घरी आणणार. घरटी एक खडा. तीच गौर. माहेरवाशीण म्हणून आलेली. पहिल्या दिवशी तिला भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि तिसऱ्या दिवशी हळदकुंकू लावून, मुरडीचे कानवले देऊन परत ओढ्यात नेऊन सोडायची. मुरडीचे का? तर कडेला मुरड घातली की जाणारी मागं वळते, पुढच्या वर्षी पुन्हा येते. पण आधी पोचवायची. माहेरपण झालं की लेक आपल्या घरी पोचवायलाच हवी ना?

आणि त्या वर्षी भादव्यात एकाही घरानं गौर पोचवली नव्हती. हौसाला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा ती गावात आलीच नव्हती.

धाकली म्हणाली, "दर साली नेता, मी हौसेनं धाडते. पोरींचे लाड होतात, पुरण खाऊन परत येतात आणि सगळं सांगत बसतात मला. औंदा तिसरा दिवस गेला. चौथा गेला. मी काठाला डोकं आपटलं. पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं, एकही परत आली नाही. एकेक दगड उलटून बघितला मी. मग मी कुणासाठी वाहू? सांग ना!"

 हौसानं आपला पदर पुढं केला आणि धाकलीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी आणून सोडते तुझ्या लेकी."

"सगळ्या हव्यात. एक जरी मागं राहिली तरी मी इथून हलणार नाही."

"सगळ्या आणते. पण मी ओळखू कशा?"

"कानाला लाव. माझी असेल तर आत पाणी वाजेल."

मग हौसा आली खाली. चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं बरं का, पण ते सांगत बसले तर उजाडेल. तांबडं फुटताना गावात पोचली आणि घरी न जाताच पदराची झोळी करून दारोदार उभी राहिली. "गौर द्या. ओढ्याला तिची लेक परत द्या."

कुणी देईना! आणि का देईनात, माहीत आहे? प्रत्येकीला वाटे, घरात आलेली लक्ष्मी मी कशाला बाहेर घालवू? कुणी कणगीत खडा ठेवलेला, कुणी तुळशीच्या कुंडीत पुरलेला. आणि हीच लक्ष्मी घरात ठेवून घागर मात्र रिकामी. अक्कल म्हणतात ती कुठं गेली होती कोण जाणे.

पहिल्या आळीत जी ती शेजारणीकडं बोट दाखवी. ही म्हणे तिनं दिली की देते, ती म्हणे हिनं दिली की देते. हौसा या दारातून त्या दारात जाऊन दमली. मग आळीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "सगळ्या जणी खडे घेऊन उंबऱ्याबाहेर या! मी हो म्हटलं की एकदम माझ्या पदरात टाका. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही!" तशा आल्या एकमेकींकडं तिरप्या डोळ्यांनी बघत. आणि एकदम टाकले. एक खडा हौसाच्या पायावर पडला, पण ती हूं की चूं करेना.

दुसऱ्या आळीत एक सोनारीण होती, गोड बोलायची. "घे गं बाई, मी कशाला अडवू?" म्हणत तिनं एक तुकतुकीत खडा पदरात घातला. हौसानं तो कानाला लावला. गप्प! अंगणातला खडा होता तो, तेल चोळून आणलेला. हौसानं तो तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, ही तुमचीच लेक. धाकलीची कुठंय?" सोनारणीचं तोंड एवढंसं झालं. आत गेली आणि खरा घेऊन आली. त्यात पाणी वाजत होतं, झुळझुळ झुळझुळ.

ते बघून बाकीच्यांनीही आपापले खडे काढून दिले. उरली पाटलीणबाई. पाटलीणबाईंनी गौर दागिन्यांच्या पेटीत, नथीशेजारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "नाही द्यायची." मग हौसा त्यांच्या पायरीवर बसली. "तुम्ही देईपर्यंत मी उठणार नाही." ऊन डोक्यावर आलं, जरासं कललं. हौसा हलली नाही. पाटलीणबाई दारातून डोकावत, पुन्हा आत जात. शेवटी चिडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या दारात कसली बसतेस गं? जा, आधी आपल्या घरात बघ! गौर ठेवून घेतली ती पहिल्यांदा तुझ्या सासूनं. तिनं ठेवली हे कळलं म्हणून मी ठेवली. मी ठेवली म्हणून गावानं ठेवली. राहीनं दिली तर मी देते!"

हौसा उठली. पायरी उतरून घराकडं निघाली. 

घरी आली तर राहीबाई तशीच घोंगडीवर बसलेली, पदर छातीशी धरून. हौसा तिच्यापुढं बसली. काय बोलावं? जिच्यासाठी एवढं सगळं केलं तिच्याकडंच हात पसरायचा. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, आपल्या घरची गौर कुठं आहे?"

 राहीबाईनं पदराची गाठ दाखवली. गाठीत खडा होता. रात्रंदिवस छातीशी धरून गुळगुळीत झालेला, तिच्या अंगानं उबदार झालेला.

"मी देणार नाही," राहीबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. "तुला माहीत नाही हौसा. मला एक लेक होती. तुळसा. घाटापलीकडं दिली तिला. फार हट्टी, फार बोलकी. तिच्या सासरच्यांनी तिला कधी माहेरी धाडली नाही. दर भादव्यात मी पुरण करून वाट बघायची. ते म्हणायचे, पुढच्या साली धाडतो. मग एक दिवस निरोपच आला की तुळसा गेली. शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी. औंदा शेजारच्या पोरीनं ही गौर आणून दिली, हातात घेतली तर ऊब लागली. वाटलं, ही तरी राहू दे. एक तरी लेक माझ्याजवळ राहू दे."

हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला वाटलं, नको मागायला. पण मग म्हातारी इथं एकटी मरेल. ती जे खरं होतं ते बोलली. म्हणाली, "आत्याबाई, हिलाही आई आहे. मी बघून आले. डोंगरावर बसलीय. दगड उलटून उलटून हिला शोधत होती. रोज वाट बघते."

राहीबाईनं तिच्याकडं बघितलं.  मग कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! त्यांनी माझ्याशी केलं तेच मी केलं! लेकीला परत धाडलं नाही मी!"

आणि मग काय झालं, राहीबाईचा आवाज परत आला. "हौसा! परात घे. कणीक घे. मोकळी पाठवायची नाही तिला. कानवले करायचे."

"आत्याबाई, घागरीत कणीक भिजवण्यापुरतंच पाणी आहे. शेवटचं."

"मग भिजव!"

राहीबाईनं बसल्या जागी कानवले केले. मुरड घातली ती अशी नेटकी की एकही कानवला फुटला नाही. सदूनं चूल पेटवली. हो, सदूनं! त्या दिवशी त्यालाही कुणी सांगावं लागलं नाही.

मग हौसानं सासूला पाठीवर घेतलं. सदू म्हणाला, "मी घेतो." ती म्हणाली, "तुम्ही कानवले धरा." आणि निघाले तिघं गावातून. दारादारांतून लोक बघायला लागले. राहीबाई निघाली गौर पोचवायला! मग ज्यांनी खडे दिले होते त्या बायका हळदीकुंकवाच्या कोयऱ्या घेऊन मागून निघाल्या. वाटेत पाटलाचा वाडा आला. राहीबाईनं नुसतं दाराकडं बघितलं. पाटलीणबाई जरा वेळ खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि पेटीसकट बाहेर आल्या. किल्ली सापडेना म्हणे घाईत.

कोरड्या पात्रात सगळा गाव गोळा झाला. हौसानं सासूला एका सपाट दगडावर बसवलं. एकेकीनं हौसाच्या झोळीतून आपला खडा घेतला आणि हळदकुंकू लावून वाळूत ठेवला. पाटलीणबाईंनी पेटीचं कुलूप दगडानं फोडलं आणि आपला ठेवला. उरला राहीबाईचा.

तिनं त्याला हळद लावली, कुंकू लावलं. शेजारी कानवले ठेवले. खडा मुठीत घेतला, आणि मूठ उघडेना. बोटंच सुटेनात. हात वाळूला टेकलेला, मूठ गच्च. सगळे बघत राहिले. कारभारी पुढं झाले तेव्हा हौसानं त्यांना हातानं थांबवलं. म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही. त्या सोडतील."

ती शेजारी बसून राहिली. सूर्य डोंगराला टेकला. राहीबाई त्या मुठीशी काहीतरी बोलत होती, कुणाला ऐकू गेलं नाही. तिच्या लेकीशी बोलत असेल. मग तिनं आपणहून मूठ उघडली. खडा वाळूत ठेवला आणि मोठ्यानं, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "धाकले गं! तुझी लेक पोचवली! सांभाळ!"

काही झालं नाही. नुसतं वारं सुटलं.

मग डोंगराच्या माथ्यावर काहीतरी चमकलं. मग कड्यावरून धाडकन आवाज आला. मग डोह भरताना होतो तसा गदगद आवाज आला. मग उंबरांच्या राईत सळसळ झाली, आणि वाळकी पानं पुढं ढकलत, फेस करत, वळणावळणाची आपली जुनी वाट बरोबर आठवत धाकली आली. खड्यांपाशी आली आणि तिथंच गोल गोल फिरायला लागली. एकीला कवटाळतेय, दुसरीला कवटाळतेय. पोरं पाण्यात नाचली, गुरं दावी तोडून धावली. पाणी राहीबाईच्या कमरेपर्यंत आलं तरी ती कुणाला उचलू देईना. म्हणाली, "बसू द्या मला. लेकीला सोडायला आलेय, जरा तिच्या घरी टेकू द्या."

गाव कुठं गेलं नाही. गाड्या सोडल्या, बैल चरायला गेले. हौसाला नावं ठेवणारे तिला हौसाबाई म्हणायला लागले, आणि सदू थोडं थोडं स्वतःचं बोलायला लागला.

मग पुन्हा भादवा आला. हौसा तोंडात पाणी धरून ओढ्यावर गेली. खडा निवडायला वाकली, तर एक खडा पाण्यातून घरंगळत आपणहून तिच्या तळहातावर येऊन बसला. उबदार होता. हौसाला इतकं हसू आलं, पण बोलायचं नव्हतं, म्हणून गाल फुगवून तशीच धावत घरी आली आणि तो राहीबाईच्या ओंजळीत ठेवला. राहीबाईनं त्याला भाजीभाकरी केली, पुरण केलं, दिवसभर गप्पा मारल्या. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुणी काही म्हणायच्या आधी तिनंच हाक मारली, "हौसा, परात आण गं. तिची आई वाट बघत असेल."

झालं. सगळी सुखानं राहिली, ओढा वाहत राहिला. नमू झोपली वाटतं. दिगू, तूही मीट डोळे. मी आहे इथं बसलेली.